मडकं वाजवून घेतोस, मग गिटार का नाही?

*प्रिय काका,*

*मी फोंडा तालुक्यातला, वय २६. आमचा पाच जणांचा बँड आहे: दोन गिटारी, बेस, कीबोर्ड, ड्रम्स. गातो तो माझा मावसभाऊ. दुसरी गिटार त्याची, बँडचा कारभारही त्याचाच, म्हणून सगळे त्याला दादा म्हणतात. चवथीचे कार्यक्रम, जत्रा, लग्नाची रिसेप्शनं असं आमचं चालतं. यंदा बँडच्या पेटीत ६० हजार जमलेत. दादाच्या मनात आता 'सगळं पांढरं' बसलंय: पांढरे कुडते, पांढऱ्या गिटारी, मागे पांढरे अँप. त्याने स्वतःची पांढरी गिटार घेतलीसुद्धा, तीन बारीक पिकअपांची, म्हणजे तारांखालच्या आवाज पकडणाऱ्या चुंबकांची. मीही तीच, त्याच मॉडेलची घ्यावी म्हणतो. माझी गिटार नऊ वर्षांची, पिवळट-तपकिरी सनबर्स्ट, कडेचा रंग उडालेला, दोन हंबकर, म्हणजे रुंद पिकअप, असलेली. तिचा आवाज मला आवडतो. पण कार्यक्रमात मी ऐकूच येत नाही अशी सगळ्यांची तक्रार आहे, आणि दादाच्या मते त्याचं कारण जुनी गिटार. माझा अँप १० वॉटचा, घरी सरावाला घेतलेला. दादाला दुखवायचं नाही. काय करू?*

*एक गिटारवाला*

---

बाबा,

तुझं पत्र वाचून आधी हसू आलं. पांढऱ्याच्या जागी काळा रंग लिहिला असता तर हे पत्र १९९४ साली मीच कुणाला तरी पाठवलं असतं.

आमच्या ऑर्केस्ट्रात तेव्हा काळ्या कोटांचं वेड शिरलं होतं. मग गिटारीही काळ्या हव्यात. दोघंजण मुंबईला गेले, एका दुकानातून एकसारख्या दोन गिटारी आणि एक बेस घेऊन रात्रीच्या बसने परत आले. तिन्ही चकचकीत, आरशासारख्या. दुकानात त्या वाजवून पाहिल्या का, असं मी विचारलं, तर उत्तर आलं, 'अरे, नवीनच आहेत.' पहिला कार्यक्रम डिचोलीकडच्या एका जत्रेत. दुसऱ्या गाण्याला माझी वरची तार उतरली, चौथ्याला आणखी एक. खुंट्याच धरत नव्हत्या. ते मी सांभाळून घेतलं. जे सांभाळता आलं नाही ते कार्यक्रमानंतर कळलं. समोर खुर्ची टाकून बसलेले एक आजोबा मागे आले. आयुष्यभर चवथीला घुमट वाजवलेला माणूस. माझ्या गिटारीवर नखाने दोनदा टक्-टक् केलं आणि म्हणाले, 'दिसतात दोन, वाजते एकच.'

हे वाक्य मला समजायला पुढची दोन वर्षं लागली. तुला आत्ताच समजावून सांगतो, कारण तुझ्या साठ हजारांचा हिशोब त्यातच आहे.

तुमच्या घरी चवथीला आरती होत असेल. घुमट, शामेळ, कांसाळें. घुमटाचं मडकं पोटाशी धरलेलं, मोठ्या तोंडावर कातडं, मागचं लहान तोंड डाव्या हाताने झाकत-उघडत आवाजाला घुमारा द्यायचा. शामेळ लाकडाचा, काठ्यांनी वाजवायचा, कडक आणि कोरडा. कांसाळें, म्हणजे झांजा, वरून झणत राहतात. तिन्हींत दिसण्याचा काडीचाही मेळ नाही. तरी शंभर माणसं टाळ्या पिटत असतानाही तिन्ही वेगवेगळी ऐकू येतात, कारण प्रत्येकाची जागा वेगळी आहे. एक खाली, एक मधे, एक वर. घुमटाला गोवा सरकारने २०१९ मध्ये राज्याचं वारसा-वाद्य म्हणून मान दिला, तो काही रंगाकडे बघून नव्हे. आणि पूर्वी त्याला घोरपडीचं कातडं असायचं, कायद्याने बंदी आल्यावर बकऱ्याचं आलं, तेव्हा जुनी माणसं भांडली ती आवाजावरून. कातडं दिसतं कसं, हा विषय कुणी काढलाच नाही.

आता तुमच्या स्टेजकडे ये. दादाची पांढरी गिटार तीन सिंगल कॉइलची, म्हणजे एकेका वेटोळ्याच्या पिकअपांची. तिचा आवाज पातळ, टोकदार, वरच्या पट्टीत चमकणारा. तुझ्या हंबकरांचा आवाज जाड, मधला भाग भरलेला. ही जोडी देवाने जुळवून दिल्यासारखी आहे! दादा ताल धरून कॉर्ड वाजवेल तेव्हा त्याची गिटार कांसाळ्यासारखी वर राहील आणि तुझी लीड, म्हणजे मुख्य सुरावट, खालून भरीव येईल. तू त्याच मॉडेलची गिटार घेतलीस की दोघंही एकाच पट्टीत घुसणार, दोघांनाही दुसऱ्यावर मात करायला आवाज वाढवावा लागणार, आणि कुणीतरी आजोबा नखाने टक्-टक् करणार. दोन गिटारींच्या बँडमध्ये गिटारी वेगळ्या असणं ही गैरसोय नसून सोय आहे. म्हणून सांगतो, ती पांढरी गिटार घेऊ नकोस. निदान या साठ हजारांतून तरी नाही.

मग तू ऐकू का येत नाहीस?

दोष गिटारीचा नाही, तुझ्या पायाशी ठेवलेल्या त्या डब्याचा आहे. १० वॉटच्या सराव-अँपमध्ये बहुधा सहा-साडेसहा इंचांचा स्पीकर असतो. खोलीत तो गोड लागतो. ड्रम्सच्या शेजारी, उघड्या मैदानात, तो डास गुणगुणल्यासारखा होतो. बरं, नुसते वॉट वाढवूनही भागत नाही. वॉट दुप्पट केले तर आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो, आणि कानाला 'दुप्पट मोठा' वाटायचा असेल तर वॉट जवळजवळ दहापट लागतात. १० चा २० केलास तर कुणाच्या लक्षातही येणार नाही. त्यापेक्षा स्पीकरचा आकार आणि जात बघ. बारा इंची स्पीकर असलेला चाळीस-पन्नास वॉटचा साधा अँप घे, सेकंडहँड मिळाला तरी उत्तम, आणि त्याच्यासमोर माइक लाव. हॉलचा किंवा मंडपवाल्याचा साउंड तुला पुढच्या लोकांपर्यंत नेईल, अँपने फक्त तुझा आवाज चांगला तयार करून द्यायचा. माइक स्पीकरच्या अगदी मध्यावर ठेवलास तर आवाज कर्कश येतो. तो मध्यापासून दोन-तीन बोटं बाहेर सरकव आणि ऐक. या दोन बोटांनी जेवढा फरक पडतो तेवढा दुसरी गिटार घेऊनही पडत नाही.

आणि अँपवरची बटणं. घरी एकटा वाजवताना आपण सगळे तेच करतो: बेस वर, ट्रेबल वर, मिडल खाली. ऐकायला मखमल. बँडमध्ये त्या बेसच्या जागी बेसवाला आधीच बसलेला असतो, ट्रेबलच्या जागी झांजा असतात, आणि जी जागा गिटारीची, तो मधला पट्टा, तू स्वतःच्या हाताने खाली ओढलेला असतो. बेस खाली आण, मिडल वर कर. खोलीत एकट्याने ऐकशील तेव्हा आवाज नाकातून आल्यासारखा वाटेल, तोंड वाकडं करशील. सगळे वाजवायला लागले की तोच आवाज अचानक वर येतो. हे फुकटचं औषध आहे, पैसे खर्च करण्याआधी करून बघ. गिटारीच्या पिकअपच्या दोन्ही बाजूंना स्क्रू असतात, त्यांनी पिकअप तारांच्या जवळ-लांब करता येतो, तेही फुकट. नऊ वर्षांत कुणी हात लावला नसेल, मी पैज लावतो.

तारा केव्हा बदलल्यास? आपल्या दमट हवेत, त्यातून पावसाळ्यात, निकेलच्या तारांचा दोन-तीन आठवड्यांत दोरा होतो. हजार रुपयांच्या आत नवा सेट येतो. पावसात गिटारीची मानही थोडी हलते, तारा उंच होतात किंवा खरखरतात. चवथीच्या आधी एकदा माहीतगाराकडून मान, तारांची उंची आणि इंटोनेशन, म्हणजे मानेवर सगळीकडे सूर बरोबर लागतो का, हे बघून घे. पेटीत सिलिका जेलच्या पुड्या ठेव, आणि त्या ओल्या झाल्या की बदल. लोक पुडी टाकतात आणि तीन वर्षं विसरतात.

आता घुंऽऽऽ आवाजाचं. तू लिहिलं नाहीस, पण दादाच्या नव्या गिटारीत तो येत असणार, मंडपात तर नक्की. सिंगल कॉइल म्हणजे चुंबकांभोवती गुंडाळलेली बारीक तारच, ती आजूबाजूच्या ट्रान्सफॉर्मरची, लाइटच्या डिमरची, आपल्या ५० हर्ट्झच्या विजेची गुणगुण पकडते. गिटारी बनवणाऱ्या गिब्सन कंपनीत सेथ लव्हर नावाच्या माणसाने यावर तोड काढली. दोन कॉइल शेजारी, उलटे गुंडाळलेले, चुंबकही उलटे. तारेचा आवाज दोघांत जमा होतो, गुणगुण एकमेकांना मारते. १९५७ पासून त्यांच्या लेस पॉल गिटारीवर ते बसायला लागले. 'हम' म्हणजे गुणगुण, ती हटवणारं म्हणून हंबकर. तुझ्या जुन्या, पोपडे उडालेल्या गिटारीत ते दोन आहेत. दादाने पांढऱ्यासाठी नेमकी तीच गोष्ट सोडली. हे त्याला तोंडावर सांगू नकोस, पुढे एक युक्ती देतो. त्याला एवढंच सांग की घुं आला तर जागेवरच थोडं वळून बघ. विशिष्ट कोनात तो जवळजवळ नाहीसा होतो.

पण एक गोष्ट मात्र तोंडावर सांगच, ओरडून सांग. गुणगुण जावी म्हणून अँपच्या प्लगची अर्थिंगची पिन कुणी कापत असेल, टेप लावत असेल, किंवा तीन पिनचा प्लग दोन पिनच्या सॉकेटात घालत असेल, तर त्याचा हात धर. गुणगुण थांबते हे खरं. पण त्या क्षणापासून तुझ्या हातातल्या तारा आणि समोरचा माइक यांच्यात काय वाहतंय ते देवाला माहीत. १९७२ मध्ये स्कॉटलंडमधल्या 'स्टोन द क्रोज' बँडचा गिटारिस्ट लेस हार्वी वेल्समधल्या स्वान्सी शहरात भर कार्यक्रमात, अर्थिंग नसलेल्या माइकला हात लागून गेला. आपल्याकडे ओलं गवत, ओला मंडप, जनरेटर, पावसाची सर. माइकला ओठ लागताना सुईसारखं टोचलं तर ती गंमत नाही. सॉकेट तपासायचं छोटं टेस्टर आणि ईएलसीबी (वीज गळली की ती आपोआप तोडणारा स्विच) असलेली एक्स्टेन्शन बोर्ड या दोन गोष्टी साठ हजारांतून सर्वांत आधी घ्या. यात वाद नको. त्यांचा रंग कसलाही असू दे.

आता दादाच्या बाजूने बोलतो, कारण तो चुकीचा नाही, त्याने फक्त क्रम चुकवला आहे. रिसेप्शनची बुकिंग फोटो बघून होतात. लोक आधी पाहतात, मग ऐकतात. आमच्या वेळी काळ्या कोटांनी खरोखरच चार लग्नं जास्त मिळाली, हे मी नाकारणार नाही. जगातली मोठी माणसंही दिसण्यासाठी निवडतात. 'बीटल्स'च्या पॉल मॅकार्टनीने १९६१ मध्ये हँबुर्गला तो व्हायोलिनच्या आकाराचा हॉफनर बेस घेतला, त्याचं एक कारण तो डावखुरा होता. बेस दोन्ही बाजूंनी सारखाच असल्यामुळे उलटा धरला तरी विचित्र दिसत नव्हता. स्वस्तही होता. आवाज चांगला निघाला हा पुढचा भाग. लाल गिटारींचा मेळ म्हटलं की इंग्लंडच्या 'शॅडोज'चं नाव येतं. पण त्यांच्या हँक मार्व्हिनची ती लाल फेंडर १९५९ मध्ये अमेरिकेहून मागवली गेली तेव्हा एकटीच होती. रंगाचा मेळ नंतर आला, आधी त्या गिटारीचा आणि तिच्यामागच्या एको यंत्राचा आवाज होता. उलट टोकाला 'क्वीन' बँडचा ब्रायन मे. त्याने आणि त्याच्या वडिलांनी १९६३ मध्ये गिटार बनवायला घेतली, तिची मान एका जुन्या शेकोटीच्या चौकटीच्या लाकडातून केली, आणि आयुष्यभर मुख्यतः तीच वाजवली. ती कुणाशी जुळते का, हा प्रश्न तिला कुणी विचारला नाही.

तर युक्ती. सरावाच्या खोलीत दादाला भिंतीकडे तोंड करून बसव. हातात कागद-पेन दे. तो पारखी आहे, असंच सांग, आणि ते खरंही आहे, गाणाऱ्याचा कान बँडमध्ये सगळ्यांत तयार असतो. त्याची पांढरी गिटार आणि तुझी जुनी, दोन्ही तूच वाजव. त्याच माइकमधून, त्याच गाण्याच्या त्याच ओळी, मागे बेस, कीबोर्ड आणि ड्रम्स चालू. एकट्याने वाजवून घेतलेली परीक्षा खोटी असते. नंबर एक, नंबर दोन, क्रम मधेच बदलायचा, एकदा तीच गिटार लागोपाठ दोनदा. जमलं तर तुझा १० वॉटचा डबा आणि कुणाकडून एका दिवसासाठी उसना आणलेला बारा इंची अँप, असंही कर. एका गोष्टीची काळजी घे: आवाजाची पातळी सारखी ठेव, फोनवरच्या डेसिबल ॲपने मोज. एक-दोन डेसिबलने मोठं असलेलं माणसाच्या कानाला नेहमी 'चांगलं' वाटतं. दुकानदार हे जाणून असतात, विकायचा अँप ते थोडा मोठा ठेवतात. दादाने नंबर लिहावेत, कारणही लिहावं, मगच वळावं. तो जे निवडेल ते मान. त्याने पाठ फिरवून पांढरी निवडली तर मी हरलो, खुशाल घे. माझा अंदाज आहे की तो लीडसाठी जुनी निवडेल, तालासाठी स्वतःची, आणि अँपमध्ये तर शंकाच नाही. मुद्दा असा की मग निर्णय त्याचा असेल. तू जिंकलास असं कुणालाच वाटणार नाही, आणि मावशीकडे जेवायला जाताना दोघांनाही तोंड लपवावं लागणार नाही.

राहता राहिला पांढरा रंग. पणजीला कला अकादमीच्या दीनानाथ मंगेशकर कला मंदिरात दहाव्या रांगेत बसून बघ. तिथून पिकअप दिसत नाहीत, रंगाचे पोपडे दिसत नाहीत, कंपनीचं नाव तर नाहीच. दिसते ती बाह्यरेषा, कपडे आणि पट्टा. शिवाय निळा लाइट पडला की पांढरी गिटार निळी होते, लाल पडला की लाल. पांढरा रंग स्टेजवर स्वतःचा राहातच नाही. तुझी सनबर्स्ट मात्र पिवळ्या उजेडात पेटल्यासारखी दिसते, फोटो काढून दादाला दाखव. अँप पांढरा हवाच असेल तर पांढऱ्या रंगाचा डबा शोधत पैसे उडवू नका. समोरची जाळी सोडून बाकीच्या तीन बाजूंना पांढऱ्या कापडाचं खोळ शिवून घ्या. मागची बाजू उघडी असेल तर ती तशीच सोडा, तिथून गरम हवा बाहेर जाते आणि आवाजही.

आणि पट्टे. पाचही जण पांढऱ्या कुडत्यात, दोन्ही गिटारींना आणि बेसला कुणबी साडीच्या तांबड्या चौकड्यांच्या कापडाचे पट्टे, ड्रम्सच्या मोठ्या ढोलावर त्याचीच पट्टी, कीबोर्डच्या स्टँडला तेच. गोव्यातला बँड म्हणून दुरून ओळखू याल. फोटोत तुम्ही जुळलेले दिसाल, आणि वाजताना वेगवेगळे ऐकू याल. शिवणकामाला हजार-दोन हजार लागतील. एक शिंपी गाठ जो पट्ट्यात आतून कॅनव्हास घालील, नुसतं हातमागाचं कापड गिटारीचं वजन पेलत नाही, ताणून लांब होतं. टोकाची चामड्याची कानं जुन्या पट्ट्याची काढून लाव.

पैशांचं मोजून सांगतो असं नाही, पण निम्म्याहून जास्त रक्कम तुझ्या अँपवर जाऊ दे. त्यातून उरलेल्यात माइक आणि स्टँड, टेस्टर आणि बोर्ड, दोन्ही गिटारींचं सेटअप, तारांचे चार सेट, दोन चांगल्या केबली. केबल सहा मीटरच्या वर नको, लांब केबल ट्रेबल खाते, आणि स्टेजवर तू धावतोस तरी किती? तरीही काही शिल्लक राहिलंच तर ते दादाच्या गिटारीला गुणगुण न करणारे पिकअप बसवायला ठेवा. सिंगल कॉइलच्याच आकारात ते मिळतात, पांढऱ्या टोपीचेही. ही गोष्ट परीक्षेच्या दिवशी नको, आठवड्याभराने काढ.

आणि हो, कुणबी कापड शिंप्याकडे देण्याआधी दोनदा पाण्यात धुऊन, सावलीत वाळवून घे. घामाने तांबडा रंग पांढऱ्या कुडत्याच्या खांद्यावर उतरतो, आणि मग दादा तुला काय म्हणेल ते मला पत्राने कळवू नकोस.

तुझा,
काका